नळाचं उपरणं आणि हरलेले साडेतीन लाख



आजचं वाचन: महाभारत, वनपर्व, नलोपाख्यान. सोबत सभापर्वातला अनुद्यूताचा भागही काढून ठेवा, लागणार आहे.

क्रमाने आज वेगळाच अध्याय यायला हवा होता. पण परवा रात्री साडेदहाला गोडदेव नाक्यावर एक मुलगा भेटला. आपल्या गुरुवारच्या वाचनाला मागे बसतो, फारसं बोलत नाही. अंधेरीला नोकरी, वय पंचविशीच्या आसपास. भाईंदर स्टेशनवरून शेअर रिक्षाने उतरला होता, पण घरी जायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं. चहा घेतला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षं तो मोबाईलवर पोकर खेळत होता. सुरुवातीला जिंकला, अगदी नीट हिशेब ठेवून जिंकला. मग हरायला लागला आणि हरतच गेला. सगळे मिळून साडेतीन लाख. त्यातले नव्वद हजार लोन ॲपचे. घरी कोणालाच माहीत नाही.

मग म्हणाला, "दादा, तुम्हीच मागे सांगितलं होतं ना, नळ राजाने सगळं हरल्यावर परत खेळूनच मिळवलं. मग मी एकदा नीट अभ्यास करून खेळलो तर काय चुकलं?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पटकन काही बोललो असतो तर ते प्रवचन झालं असतं, आणि त्याला ते नको होतं. घरी येऊन नलोपाख्यान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आजचा लेख त्या मुलासाठी आहे. आपल्यातल्या आणखी एक-दोघांच्या कामाला येईल असाही माझा अंदाज आहे.

आधी प्रसंग समजून घेऊ. काम्यक वनात पांडव बसले आहेत. अर्जुन अस्त्रं मिळवायला इंद्राकडे गेला आहे, भीम धुमसतो आहे. तिथे बृहदश्व ऋषी येतात. युधिष्ठिर त्यांना विचारतो की माझ्यासारखा अभागी राजा कधी पाहिला किंवा ऐकला आहे का. हरलेल्या माणसाचा हा अगदी ठरलेला प्रश्न आहे. आपल्याइतकं वाईट कोणाचंच झालं नाही असं वाटणं, ही हरण्यानंतरची पहिली अवस्था. बृहदश्व म्हणतात, होता एक, आणि निषध देशाच्या नळाची गोष्ट सांगायला लागतात.

दमयंती आपल्या विदर्भाची लेक. तिच्या बापाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे आजचं अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर, असं आपल्याकडे मानतात. मराठीत रघुनाथ पंडितांनी या दोघांवर आख्यानकाव्य रचलं, त्यामुळे जुन्या पिढीला ही गोष्ट पाठ असायची. पण आपल्याला आठवतो तो हंस, स्वयंवर आणि नळाच्या रूपातले देव. जुगाराचा भाग आपण घाईत उरकतो. खरं तर गोष्टीचा सगळा भार तिथेच आहे.

नळ नीतिमान राजा आहे. कली त्याच्यात शिरायला जागा शोधत बारा वर्षं थांबतो. आणि जागा कुठे सापडते? एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसतो, तिथे. मला हा तपशील फार खरा वाटतो. बारा वर्षं सावध असलेला माणूस एका थकलेल्या संध्याकाळी जरा ढिला पडतो. नाक्यावरचा मुलगाही म्हणाला की पहिला मोठा तोटा झाला त्या रात्री ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि लोकलमध्ये उभ्याउभ्याच त्याने नेहमीच्या चौपट पैशाच्या टेबलावर बसायचं ठरवलं.

मग भाऊ पुष्कर खेळायला बोलावतो. डाव कित्येक महिने चालतो. मंत्री आणि प्रजा दाराशी येऊन उभे राहतात, दमयंती रडत सांगते की लोक भेटायला आलेत, पण नळ उत्तरच देत नाही. लोक लाजून परत जातात. व्यासांनी इथे एक निरीक्षण दमयंतीच्या तोंडी घातलं आहे: जसजसा तो हरतो तसतशी त्याची खेळण्याची ओढ वाढते. आज पोकरवाले याला टिल्ट म्हणतात. शब्द नवा आहे एवढंच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हीच साखळी कडी-कडीने सांगितली आहे. विषयाचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, इच्छा अडली की राग, रागातून संमोह, मग स्मृती जाते आणि स्मृती गेली की बुद्धी. स्मृती जाते म्हणजे काय, ते मला त्या मुलाच्या बोलण्यावरून कळलं. त्याला पोकरचं गणित येतं. हातात दोन एक्के आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी साधारण पाचातून एकदा राजेवाला जिंकतो, हे त्याला पाठ आहे. म्हणजे लागोपाठ दोनदा असं होणं दुर्मिळ नाही, हजारो हात खेळणाऱ्याला ते दिसणारच. तरी तिसऱ्यांदा हरल्यावर त्याला वाटलं की आता पत्त्यांनी आपलं देणं फेडायलाच हवं. माहिती डोक्यात होती, पण त्या क्षणी आठवली नाही. पत्त्यांना मागचा हात आठवत नसतो. आपल्याला आठवतो, आणि घोळ तिथेच होतो.

आणखी एक साधी गोष्ट. ॲपवाली कंपनी प्रत्येक मोठ्या डावातून आपला वाटा काढून घ्यायची. सहाजण टेबलावर बसले तर सहाजणांचे मिळून पैसे कमीच होत जाणार. चांगला खेळाडू इतरांपेक्षा बरा असून भागत नाही, त्या वाट्यापेक्षाही बरा असावा लागतो. त्यात एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पैशांवर २८ टक्के जीएसटी आला. नळाच्या पटावर निदान असला वाटेकरी नव्हता.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं पुन्हा वाचलं. राज्य गेलं. पुष्कर हसून म्हणतो, आता दमयंतीच उरली, लाव पणाला. नळाची छाती फुटायची वेळ येते, पण तो काहीच बोलत नाही. दागिने उतरवतो आणि एका वस्त्रानिशी बाहेर पडतो. इथे थांबला असता तर बरं होतं, आणि त्या क्षणी तो थांबतोही. पण काही दिवस उपाशी हिंडल्यावर रानात त्याला सोन्याच्या पंखांचे पक्षी दिसतात. त्याला वाटतं, आज पोट भरेल आणि धनही मिळेल. अंगावरचं एकुलतं वस्त्र तो त्यांच्यावर टाकतो. पक्षी ते घेऊन उडतात आणि वरून सांगतात की आम्ही फासेच आहोत, तू अंगावर वस्त्र घेऊन निघालास हे आम्हाला बघवलं नाही.

मित्रांनो, संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैशाचे डाव चालवणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांनी ते बंद केले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादच त्या कायद्याने बाजूला ठेवला. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. म्हणजे त्या मुलाचं राज्य जाऊन तो गावाबाहेर पडला होता, फासे हातातून सुटले होते. मग महिन्याभरात टेलिग्रामवर एक लिंक आली. परदेशातली साइट, पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस. नव्वद हजारांचं कर्ज त्या सोन्याच्या पंखांपायी झालं आहे. त्या साइटवर तो एकदा जिंकलाही होता, पण पैसे काढायला गेल्यावर खातंच बंद. तक्रार कुठे करणार?

बऱ्याच जणांना वाटतं की आपण मोठ्या डावात बुडतो. माझं निरीक्षण वेगळं आहे. मोठा डाव आपल्याला गावाबाहेर काढतो, अंगावरचं वस्त्र मात्र भरपाईच्या डावात जातं.

सभापर्वातही हेच आहे, आणि तिथे तर जास्त बोचतं. पहिल्या द्यूतात सगळं हरल्यावर द्रौपदीच्या वरांमुळे पांडव सुटतात. धृतराष्ट्र धन आणि इंद्रप्रस्थ परत देतो. विचार करा, सगळंच्या सगळं परत. पांडव घराच्या वाटेला लागलेले असतात आणि मागून निरोप येतो, या, एक डाव आणखी. गांधारी विरोध करते, पण तिचं कोण ऐकतो! युधिष्ठिर जातो. यातून नाश होणार हे माहीत आहे असं म्हणत जातो, कारण वडीलधाऱ्याची आज्ञा आहे. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास या दुसऱ्या डावाने आला, पहिल्याने नाही. वडिलांनी एकदा कर्ज फेडून दिल्यावर दुसऱ्यांदा बुडालेली मुलं मी दोन पाहिली आहेत. म्हणून आईबाबांना फक्त पैसे मागू नका, त्यांना सगळं सांगा. यात फरक आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. नळ परत खेळला, हे खरं. पण त्याआधी काय झालं ते बघू.

कर्कोटक नागाच्या दंशाने नळाचं रूप बदलतं आणि तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्याची नोकरी धरतो. राजा असलेला माणूस पगारी घोडेवाला होतो. हरल्यानंतर त्याने कमवायला घेतलं ते त्याच्या हातात असलेल्या विद्येवर, घोड्यांच्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. सासू दारात उभी करत नाही, बायको दुरावली, आईबाप आणि भाऊ म्हणतात आम्ही याला ओळखत नाही, आणि तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. त्या सूक्तातही शेवटी सल्ला मिळतो तो शेती करण्याचा. इतक्या हजार वर्षांपूर्वीची माणसं हे ओळखून होती, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी येते आणि ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भात पोचायचं असतं. रथ वाऱ्यासारखा धावतो. वाटेत राजाचं उपरणं उडून पडतं. राजा म्हणतो, थांब, वार्ष्णेय जाऊन ते घेऊन येईल. नळ म्हणतो, ते एक योजन मागे राहिलं, आता नाही मिळायचं. आणि रथ पुढे जातो.

मी हा प्रसंग आधी कितीतरी वेळा वाचला असेन, पण अर्थ परवा लागला. रानात पक्ष्यांच्या मागे वस्त्र फेकणारा हाच तो नळ. आता वस्त्र पडलं तर तो मागे वळून बघतही नाही. नंतरची फाशांची विद्या सोडा, बरा झालेला नळ मला इथे दिसतो.

त्याच वाटेवर बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण न थांबता सांगतो की या झाडाच्या दोन फांद्यांवर दोन हजार पंच्याण्णव फळं आहेत. राजाला उशीर होतोय, तरी नळ रथ थांबवतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो. थोडक्या भागावरून सगळ्याचा अंदाज बांधायची ही विद्या. इयान हॅकिंग नावाच्या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ च्या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली आहे. आणि गंमत बघा, झाड बेहड्याचंच. जुने फासे याच फळांचे असायचे. ज्याने बुडवलं तेच नळ खाली उतरून, शांतपणे, एक-एक करून मोजतो. ऋतुपर्ण त्याला फाशांचं मर्म देतो आणि त्या क्षणी कली थरथरत नळाच्या अंगातून बाहेर पडतो. नळ त्याला शाप देणार असतो, पण देत नाही.

आपल्यासाठी हे मोजणं म्हणजे काय? मी त्या मुलाला म्हटलं, बँकेचं स्टेटमेंट काढ, यूपीआयचा इतिहास काढ आणि कागदावर पेनाने मांड. कधी किती भरले, कधी किती काढले. मोबाईलवर नको, कागदावर. त्याने काल मांडलं. तो साडेतीन लाख म्हणत होता, निघाले चार लाख बारा हजार. जिंकलेले दिवस लक्षात राहिले होते, छोटे भरणे विसरला होता. रात्री अडीचनंतर खेळलेल्या एकाही दिवशी तो नफ्यात नव्हता. हे त्याला कोणी ओरडून सांगून पटलं नसतं.

आणि शेवटचा डाव? नळ पुष्कराकडे जातो, एकच डाव मांडतो, जिंकतो, आणि भावाला माफ करून त्याचा वाटा त्याला परत देतो. खरं सांगायचं तर या डावात तो दमयंतीलाही पणाला लावतो, आणि ते मला आजही खटकतं. टीकाकार काहीही म्हणोत, मला ते गोड करून सांगता येत नाही. पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर नळाकडे नाहीच, ते गोष्ट ऐकणाऱ्याकडे आहे. गोष्ट संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला ती फाशांची विद्या देतात. कशासाठी? कोणीतरी पुन्हा खेळायला बोलावेल ही जी भीती तुझ्या मनात आहे ती जावी म्हणून. युधिष्ठिर विद्या घेतो. आणि पुढे? शकुनीसमोर तो पुन्हा कधीच बसत नाही. फाशांचं मर्म हातात असलेला माणूस राज्य फाशांवर परत मागत नाही. म्हणजे अभ्यास करायला ना नाही. पत्ते, कर, कंपनीचा वाटा, आपला राग, सगळ्याचा अभ्यास कर. मात्र तो बोलावणं आल्यावर घाबरायला किंवा भुलायला होऊ नये म्हणून.

कोणी म्हणेल, विभूतियोगात भगवंतांनी छळणाऱ्यांमध्ये द्यूत मी असं सांगितलंय, मग वाईट कसं? माउलींनी तिथे जुगाराला भर चौकातली, पण कोणाला अडवता न येणारी चोरी म्हटलं आहे. विभूती म्हणजे ताकद ओळखणं. वाघही विभूतीच आहे, म्हणून कोणी पिंजऱ्यात हात घालत नाही.

आपल्या भाईंदरला हे वेगळं सांगायला नको खरं तर. इथली मिठागरं अजून ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हावर आटवायचं, मीठ ओढायचं. तयार मिठावर अवकाळी पाऊस पडला की सगळं विरघळून जातं. आगरी माणूस तेव्हा विरघळलेलं मीठ पाण्यातून वेचत बसत नाही. नवं पाणी आत घेतो आणि उन्हाची वाट बघतो. त्याला किती दिवस लागायचे तितके लागतातच.

आता कामाचं. त्याच्याशी बोलून जे ठरलं ते लिहितो, कारण अजून दोघांनी इनबॉक्समध्ये असंच विचारलं आहे. पगाराचं खातं काही महिने मोठी बहीण बघेल, त्याच्या हातात रोजच्या खर्चापुरते पैसे. आधी लोन ॲपचं कर्ज फेडायचं, कारण त्याचं व्याज सगळ्यात जड. घरातून उसने घेतले तरी ते थेट कर्जखात्यात, त्याच्या हातातून नाही. टेलिग्रामचे ते ग्रुप सोडून नंबरच बदलायचा. त्या परदेशी साइटने अडकवलेल्या पैशांची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर करायची, पैसे परत येतील ही आशा न धरता. झोप उडाली आहे, छातीत धडधडतं, वाईट विचार येतात, त्यासाठी १४४१६ वर टेलिमानसला फोन. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे. डॉक्टरकडे गेल्याने नामस्मरण कमी पडलं असं होत नाही. तापात आपण क्रोसिन घेतोच की. नाम मात्र रात्री अडीचला उपयोगी पडतं, जेव्हा डॉक्टरही झोपलेले असतात आणि बहीणही. त्या वेळेला फोन दुसऱ्या खोलीत आणि माळ उशाशी, एवढं त्याने स्वतःहून ठरवलं.

घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं. काल रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला: "दादा, बाबांना सांगितलं. ओरडले नाहीत. कागद मागितला आणि चष्मा लावून सगळा वाचला. मग म्हणाले जेवलास का."

उद्याचं वाचन: विराटपर्व, कंक आणि विराट राजाचा फाशांचा प्रसंग. ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांनी गुरुवारी साडेआठला या, माझ्याकडे दोन प्रती आहेत.

राम कृष्ण हरी.